न बोलता राबणारं यकृत

मटणाच्या दुकानात जिला आपण कलेजी म्हणतो, तोच आपल्या पोटातला हा अवयव. उजव्या बरगड्यांखाली, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचा. आतड्यांतून निघालेलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी इथूनच जातं. जेवणानंतरची जादा साखर यकृत साठवतं आणि रात्री, आपण झोपेत उपाशी असताना, थोडी थोडी रक्तात सोडतं. रात्रभर मेंदूला इंधन मिळतं ते त्यामुळेच. पित्त आणि रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनंही त्याचीच. अर्ध्याहून अधिक भाग दान केला, तरी उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळपास मूळ आकाराचं होतं, हे खरोखर थक्क करणारं आहे. पण दुखणं बळावेपर्यंत ते बहुधा गप्पच राहतं. डोळे पिवळे दिसले, तर काविळीच्या गावठी औषधात दिवस घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.