विडाल यांची दुसरी नोंद

ताप उतरेना म्हणून ‘विडाल टेस्ट’ करून घेतली नाही, असं मराठी घर विरळाच. ही चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह १९२२ मध्ये आणखी एक नोंद केली. रुग्णाला दमा होता, नाकात पॉलिप होते आणि ॲस्पिरिन घेतलं की श्वास कोंडायचा. १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी या त्रिकुटावर सविस्तर लिहिलं. आज ते ‘सॅम्टर त्रिकूट’ म्हणून ओळखलं जातं.

असं का होतं? १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. दुखणं थांबतं ते त्यामुळे. पण यातलंच एक प्रोस्टाग्लँडिन, ई-२, श्वासनलिकेत ल्युकोट्राइन नावाच्या रसायनांना लगाम घालत असतं. या रुग्णांमध्ये लगाम सुटला की ल्युकोट्राइन उसळतात. नळ्या आकसतात, सुजतात आणि चिकट कफ वाढतो. गोळीनंतर साधारण अर्ध्या ते तीन तासांत नाक गळू लागतं, छाती भरते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकचंही तेच. प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांना हा त्रास असतो. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत त्यांना बहुधा चालतं.

अडचण अशी, की दुखण्यावरची गोळी आपण औषधात धरतच नाही. जयपूरच्या आदर्श नगरातलं मेडिकल असो की आपल्या नाक्यावरचं, ‘कंबर धरलीय, काहीतरी द्या’ एवढं म्हटलं की काम भागतं. कफ मात्र थंडीच्या, धुळीच्या, दह्याच्या नावावर खपतो. बिचारं दही! छातीच्या डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं, तर बीपीची गोळी आठवते, गुडघ्याची नाही.

तरीही या गोळ्यांना सरसकट फुफ्फुसाचे शत्रू ठरवणं मला पटत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुफ्फुसात घट्ट कफ साचतो. १९९५ मध्ये अमेरिकेत अशा ८५ रुग्णांवरचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर मात्रेतल्या आयबुप्रोफेनने फुफ्फुसांची घसरण मंदावली होती, विशेषतः लहान मुलांमध्ये. अर्थात रक्तातलं प्रमाण मोजून, देखरेखीखाली.

कोडीनसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांची तऱ्हा निराळी. ती खोकल्याची ऊर्मीच दाबतात, त्यामुळे ज्याच्या छातीत मुळातच कफ आहे त्याचा तो आतच राहतो. आणि बरगडी मोडलेल्या माणसाचं नेमकं उलटं: वेदनेच्या धास्तीने तो खोकतच नाही, कफ तुंबतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. तिथे दुखणं पुरेसं कमी करणं हाच कफावरच्या उपचाराचा भाग असतो.