आईच्या फॉर्मची कुलपं

सकाळी साडेनऊ. सातपूरच्या आमच्या ऑफिसात पहिला फोन लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवरून. लिलाव होऊन ट्रॅक्टर काट्यावर आलेत आणि काकांना सेव्हचं बटण नेहमीच्या जागी सापडत नाहीये. भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, कपात, सेव्ह : काका मान वर न करता एवढं भरतात. समोर शेतकरी पैशांसाठी उभा असतो.

दहा वाजता कारण सापडलं. हिशेबपट्टीचा मूळ फॉर्म एकच. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षाचे फॉर्म त्याच्यावरून निघालेले. नव्या मुलीने कांद्याच्या फॉर्मवर बटण माऊसने जरासं सरकवलं होतं. तेवढ्याने त्या फॉर्मच्या डिझायनर फाइलमध्ये ‘लोकेशन’ची स्वतंत्र ओळ पडते, आणि मग मूळ फॉर्ममध्ये बटण कुठेही न्या, कांद्याचं जागचं हलत नाही. ती ओळ काढली, बिल्ड केलं, लासलगावला पाठवलं.

अकरा ते दीड, असं पुन्हा होऊ नये याचं काम. आमचा प्रोजेक्ट जुना, व्हीबी डॉट नेटचा. तिथे कंट्रोलचं ‘मॉडिफायर्स’ आपोआप ‘फ्रेंड’ असतं, म्हणजे त्याच प्रोजेक्टमधल्या प्रत्येक वारस फॉर्मला मोकळं रान. सी-शार्पमध्ये ते ‘प्रायव्हेट’ असतं, आणि मला तेच योग्य वाटतं. वजन, भाव, रक्कम, सेव्ह, सगळं प्रायव्हेट केलं.

“दादा, इथे कुलूप दिसतंय, प्रॉपर्टी बदलत नाहीत.”

“अगं, मुद्दाम लावलंय. बदल हवा असेल तर मूळ फॉर्ममध्ये कर.”

कपातीची चौकट मात्र उघडी हवीच. हमाली, तोलाई, वाराई कापायची की नाही, यावरून 2024 च्या एप्रिलमध्ये जिल्ह्यातले कांदा लिलाव बंद पडले होते. असा प्रश्न सुटेल तशी पट्टी बदलावी लागते. म्हणून ते पॅनेल ‘प्रोटेक्टेड’ ठेवलं. आधी तिथे टेबल-लेआउट पॅनेल होतं. ते प्रोटेक्टेड करूनही वारस फॉर्ममध्ये उघडत नाही. साधं पॅनेल टाकल्यावर तिला त्यात वाराईचा रकाना बसवता आला.

डबा खाताना तिला डेल्फीची गोष्ट सांगितली. 1996 च्या डेल्फी 2 मध्ये फॉर्मचा असा वारसा आला. आईच्या, म्हणजे मूळ फॉर्मवरचं बटण तिथे मुलीच्या फॉर्ममध्ये काढून टाकता येत नाही, हलवता मात्र येतं. चुकलं तर ‘रिव्हर्ट टू इनहेरिटेड’.

तीन वाजता तिने मूळ फॉर्म ‘मस्टइनहेरिट’ केला. विचार चांगला होता, पण कांद्याचा फॉर्म डिझायनरमध्ये दिसेनासा झाला : तो दाखवायला डिझायनर मूळ फॉर्मच प्रत्यक्ष तयार करतो, आणि असा क्लास तयार होत नाही. शब्द काढला. कपातीचा हिशेब मूळ फॉर्ममध्ये ‘ओव्हररायडेबल’ फंक्शनमध्ये ठेवला. तेवढंच वारसाने बदलावं.

साडेपाचला काकांचा पुन्हा फोन. बटण सापडलं, आता निव्वळ वजनाचे आकडे मोठे हवेत, चष्म्यातूनही बारीक दिसतात. मूळ फॉर्ममध्ये फाँट वाढवला आणि तिन्ही पट्ट्या उघडून पाहिल्या. तिन्हींत आकडे मोठे झाले होते.