कांडी जागेवर, दोरा धावतो

बनारसच्या मणिकर्णिका घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर, चितांच्या धुरापासून जरा बाजूला, दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकणारी मुलं दिसतात. यात्रेकरू गंगेत नाणी सोडतात. स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटून वर येतो. मी गेलो होतो तेव्हा अशाच एका मुलाचे हात बराच वेळ बघत बसलो. दोरीची सैल वेटोळी त्याने पायरीवर एकावर एक रचली होती. चुंबक हातातून सुटला की ती एकामागून एक उचलली जायची आणि दोरी सरळ पाण्याकडे धावायची. मध्ये फिरवावं लागेल असं काहीच नव्हतं.

गरवायला जाणारी आमची मंडळी एक प्रश्न सतत विचारतात: तीन-चार ग्रामचं आमिष लांब जावं म्हणून कुठलं रील घेऊ? त्याचं निम्मं उत्तर त्या पायरीवर होतं. 2011 सालच्या मालिकेतल्या रुपयाच्या नाण्याचं वजन 3.79 ग्राम, पाच रुपयांच्या नाण्याचं 6 ग्राम. मरळीसाठीचा छोटा स्पिनर किंवा खाडीत तांबोशीसाठी फेकायचा मऊ रबरी मासा याच वजनात येतो. एवढ्याशा वजनाला स्वतः तर उडायचं असतंच, शिवाय मागची सगळी दोरीही ओढून न्यायची असते. म्हणून रील घेताना आमिषावर आणखी कसला भार पडणार आहे ते आधी बघावं. डबीवरचे बाकीचे आकडे त्यानंतर.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की बेटकास्टर हे 'जाणकारांचं' रील, म्हणून ते कुठल्याही आमिषाला चांगलंच. बेटकास्टरमध्ये दोरी बाहेर जाताना ती गुंडाळलेला स्पूल स्वतः गरगर फिरतो. संक्रांतीला पतंगाची फिरकी (विदर्भात चक्री) ज्याने धरली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पतंग ओढ घेतो तेव्हा फिरकी पळते, आणि पतंग एकदम थबकला तरी ती फिरतच राहते, मग मांजाचा गुंता हातात येतो. आमिषाचंही तसंच. हातातून सुटताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि पुढे हवा तो कमी करत जाते, पण एकदा वेग घेतलेला स्पूल लगेच थांबत नाही. वीस ग्रामचं आमिष अंगच्या जोराने दोरी ताणून धरतं. तीन ग्रामच्या आमिषाचा बराचसा जोर स्थिर स्पूलला गती देण्यातच संपतो. मग ब्रेक घट्ट केला तर आमिष चार पावलांवर पडतं आणि सैल केला तर गुंता होतो. खाडीवर पहिल्यांदा असं रील घेऊन गेलो होतो त्या दिवशी पाच ग्रामचं आमिष लावलं आणि अख्खी ओहोटी दोरी सोडवण्यात घालवली. पाण्यावर मासे उठत होते, ते नुसते बघितले.

याचा अर्थ बेटकास्टरने हलकं आमिष फेकताच येत नाही असा नाही. जपानी कंपन्यांनी खास त्यासाठीच 'बेट फिनेस' म्हणून ओळखली जाणारी रील काढली. त्यांचा स्पूल उथळ असतो, दोरीशिवाय त्याचं वजन दहा ग्रामच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि त्यावर दोरीही मोजकीच भरायची. अनेकांत चुंबकी ब्रेक असतो. धातूचा स्पूल चुंबकाजवळून जितका जोरात फिरेल तितका त्यात निर्माण होणारा विद्युतप्रवाह त्याला मागे खेचतो, कुठेही घासण्याची गरज पडत नाही. पण ही रील महाग आहेत आणि त्यांना सवयीचा हात लागतो. शिवाय साध्या बेटकास्टरवर 'सर्व प्रकारच्या आमिषांसाठी' छापलं म्हणून त्याचा स्पूल हलका होत नाही. पहिलंच रील घेणाऱ्याला मी स्पिनिंग रीलच, म्हणजे फेकताना ज्याचा स्पूल फिरत नाही असं रील, घ्यायला सांगतो.

स्पिनिंग रीलची गोष्ट कापडाशी जोडलेली आहे, म्हणून ती बनारसच्या संदर्भात सांगायला मला विशेष आवडते. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलॉकने 1884 मध्ये फेकण्यापुरता स्पूल आडवा वळवता येईल असं रील काढलं. पुढे 1905 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. हा माणूस लोकरीच्या धंद्यातला, आणि ही कल्पना त्याला गिरणीतल्या कांडीवरून सुचली असं सांगतात. बनारसच्या, येवल्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागाजवळ उभं राहिलं तर ती लगेच पटते. धोटा इकडून तिकडे धावतो, आत कांडी असते, पण कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने सुटत जातं. सुताला ओढायला लागतं ते फक्त सुताचंच वजन. घाटावरच्या मुलाची वेटोळी, विणकराची कांडी आणि स्पिनिंग रीलचा स्पूल ही तिन्ही एकाच तत्त्वावर चालतात.

एवढं लक्षात आलं की दुकानात ऐकू येणारी दोन वाक्यं आपोआप गळून पडतात. 'बेअरिंग जास्त, म्हणून फेक लांब.' स्पिनिंग रीलमध्ये फेकताना काही फिरतच नाही, तर बेअरिंग मदत कशाला करणार? त्यांचा उपयोग दोरी गुंडाळताना होतो, आणि त्यातही दोरी ज्यावरून वळते त्या लाइन रोलरचं बेअरिंग महत्त्वाचं. 'गिअर रेशो मोठा, म्हणून फेक लांब,' हेही तसंच. रेशो फक्त हँडलच्या एका फेऱ्यात किती दोरी आत येते ते ठरवतो. स्पूलचा व्यास 45 मिलिमीटर असेल तर एका वेढ्यात सुमारे 14 सेंटिमीटर दोरी बसते. 5.3 रेशोला एका फेऱ्यात 75 सेंटिमीटर, 6.2 ला सुमारे 88 सेंटिमीटर. छोटा स्पिनर सावकाश, थरथरत आणायचा असेल तर कमी रेशो हाताला सोपा पडतो.

मोठं रील लांब फेकतं, या समजात सत्याचा एक अंश आहे. रुंद स्पूलवरून मोठे वेढे सुटतात आणि कडेला घर्षण थोडं कमी होतं. पण हलक्या आमिषाला त्याहून जास्त फरक पडतो तो दोरीच्या जाडीचा. 4000 आकाराच्या रीलवर जाड नायलॉन भरून तीन ग्राम फेकण्यापेक्षा 2000 किंवा 2500 च्या उथळ स्पूलवर 0.6 ते 0.8 नंबरची विणलेली, म्हणजे ब्रेडेड दोरी कितीतरी पुढे जाते. शिवाय मोठ्या रीलने नाजूक रॉडचा तोल जातो आणि तासाभरात मनगट भरून येतं. मात्र 2500 हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो, तेव्हा रील हातात घेऊन रॉडला लावून बघावं. ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून तिच्याखाली आधी थोडं नायलॉन गुंडाळावं.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते दोरी भरताना, आणि इथे त्या मुलाचे हात पुन्हा आठवतात. प्रत्येक फेकीआधी तो ओली दोरी नव्याने रचायचा. कुठलंही वेटोळं दुसऱ्याखाली अडकू द्यायचा नाही आणि ढीग पायरीच्या कडेबाहेर जाऊ द्यायचा नाही. स्पूल काठोकाठ भरला की जास्त दोरी, जास्त अंतर, असं वाटतं. प्रत्यक्षात एकदम पाच-सहा वेढे सुटतात आणि रॉडच्या पहिल्याच कड्यात गाठ बसते. उलट दोरी फार कमी असेल तर प्रत्येक वेढा स्पूलच्या ओठावर घासत जातो. काठापासून दीड ते दोन मिलिमीटर मोकळे सोडावेत. गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून, थोड्या ताणाने जाऊ द्यावी. फेकल्यानंतर दोरी अडवणारी बेलची तार हँडलच्या झटक्याने बंद न करता हाताने बंद करावी आणि दोरी एकदा ताणून मगच गुंडाळायला लागावं. हे नेमाने केलं तर हलक्या आमिषाच्या निम्म्या तक्रारी राहत नाहीत.

ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढ घेतो तेव्हा ताण राखून दोरी सोडणाऱ्या ब्रेकचा, मोठा आकडाही डबीवरच शोभतो. सहा किलोला तुटणाऱ्या दोरीवर ड्रॅग दीड ते दोन किलोवरच लावायचा असतो, मग दहा किलोच्या ताकदीचं काय करायचं? बघायचं ते एवढंच की दोरी हाताने ओढल्यावर ड्रॅग पहिल्या क्षणी अडखळतो का. खाडीत तांबोशी आमिष घेऊन सरळ मुळांत घुसते, आणि बारीक दोरी तुटते ती त्या पहिल्या अडखळण्यातच.

आता मणिकर्णिकेबद्दल. गेल्या काही वर्षांत ऐकतो की बनारसचं अभयारण्य उठलं, तेव्हा आता घाटावरून गळ टाकायला हरकत नाही. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा 1989 मध्ये कासव अभयारण्य झाला होता. अर्धवट जळलेले अवशेष खाऊन पाणी साफ ठेवावं म्हणून गंगा कृती योजनेत कासवं वाढवून इथे सोडली होती. 2020 मध्ये अभयारण्याचा दर्जा काढला हे खरं. पण त्याने पाण्यातल्या जिवांचं संरक्षण उठत नाही. गंगेचं मऊ पाठीचं कासव आणि 2009 मध्ये राष्ट्रीय जलचर ठरलेला गंगेतला डॉल्फिन, दोघांनाही वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो, श्वासासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावं लागतं, आणि तुटून पाण्यात राहिलेली ब्रेडेड दोरी वर्षानुवर्षं कुजत नाही. आणि समोर कोणाच्या तरी घरचं माणूस जळत असतं. अहिल्याबाईंनी ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या घाटावर लोक आपल्या माणसाला शेवटचं पोचवायला येतात. तिथे रॉड काढायचा नाही. आपल्याकडे देहूच्या इंद्रायणीच्या डोहात किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाच्या माशांवर कोणी गळ टाकत नाही, तशातलंच हे.

माझं रील त्या दिवशी पिशवीतच होतं. ऊन चढल्यावर मुलाने चुंबकाला चिकटलेली नाणी सोडवून खिशात टाकली, दोरी कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळली आणि तो शिंदे घाटाकडे निघून गेला.