विजापूरची नळी, डब्लिनचा ब्रायर

पाइप घेताना किंमत नंतर विचारावी, आधी भोक बघावं. दांडीतून येणारं धुराचं भोक जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटरचं असतं आणि ते बाउलच्या तळाशी, अगदी मधोमध निघायला हवं. वर निघालं तर तळातली तंबाखू न जळता ओली होऊन बसते. बाजूला सरकलं तर त्या अंगाचं लाकूड जास्त तापतं. वाकड्या पाइपचं काम आणखी अवघड, कारण दांडी बाहेरून वळलेली आणि ड्रिल मात्र सरळच जाणार. माझी उभी हयात बंगळूरजवळच्या बोम्मसंद्राच्या एका टूलरूममध्ये जिग आणि फिक्श्चर करण्यात गेली. त्यामुळे लोक पाइपचा आकार बघतात, पॉलिश बघतात, तेव्हा मी खिशातली टॉर्च काढतो.

यंदा हाती आलेला पाइप या परीक्षेत उतरला. डब्लिनच्या पीटरसनचा आहे, सिस्टीम नमुन्याचा, चांदीच्या कड्याचा. तिकडे नोकरीला असलेला भाचा घेऊन आला. पाकीट हातात देताना म्हणाला, "मामा, एवढ्या पैशात तिथे झकास सायकल येते." मी म्हटलं, "येत असेल, पण ती पेटवता येत नाही." चांदीच्या कड्यावर भिंगातूनच दिसतील एवढेसे शिक्के आहेत. 'के अँड पी' ही काप आणि पीटरसन यांची खूण, बसलेल्या हायबर्नियाची, म्हणजे आयर्लंडच्या मूर्त रूपाची, इवलीशी आकृती आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. एवढ्याशा गोल कड्यावर ठसा न घसरता सगळं बसवलंय. निव्वळ हे बघण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, पाइप न पेटवताच.

चार्ल्स पीटरसन हा लॅटव्हियातून डब्लिनला आलेला कारागीर. तिथे काप बंधूंचं पाइपचं दुकान होतं, त्यात तो शिरला आणि १८९० मध्ये त्यानं आपल्या 'सिस्टीम'चं पेटंट घेतलं. युक्ती साधी आहे. दांडीच्या पोटात, धुराच्या वाटेखाली एक खळगा कोरायचा. धुरातली वाफ थंड होऊन तिथे साचते आणि तोंडात कडू पाणी येत नाही. पुढे १८९८ मध्ये त्यानं तोंडात धरायच्या टोकाचंही पेटंट घेतलं. त्यात भोक समोर न ठेवता वरच्या अंगाला काढलं, म्हणजे धूर जिभेवर न आपटता टाळूकडे जातो. नव्या माणसाची जीभ दोन दिवसांत सोलवटून निघते ती याच माऱ्यानं. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही दोन्ही कामं आजही जशीच्या तशी चालू आहेत. ज्या जॉबमध्ये सुधारणा करायला कुणाला जागा सापडत नाही, तो जॉब पहिल्या फटक्यात बरोबर बसलेला असतो.

पण खरी गंमत लाकडात आहे, आणि इथे मी जरा पसरून बसणार आहे.

ब्रायर म्हणजे झाडाचं खोड नव्हे आणि मूळही नव्हे. भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरउतारांवर, कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा ठिकाणी, एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. खडकाळ, कोरडी, हलकी जमीन. वणवा नित्याचा. या झुडपाला जमिनीलगत, खोड आणि मुळांच्या मध्ये एक गाठ धरते. वणव्यात वरचं सगळं जळून गेलं तरी या गाठीतून पुन्हा फुटवे येतात. पाइप होतो तो या गाठीचा. आगीतून वाचायची सवय असलेलं लाकूड माणसानं आग ठेवायला निवडलं. ही निवड कुणा शास्त्रज्ञानं नाही केली, ती गावठी कातारी लोकांनी केली, म्हणून मला तिचं जास्त कौतुक.

गाठ उपयोगी पडायला झुडपाचं वय किमान तीसेक वर्षांचं तरी लागतं. जुनी असेल तितकी बरी. खणून काढल्यावर ती ओली ठेवावी लागते, नाहीतर तडकते. मग करवतीनं तिचे ठोकळे पाडतात. हे काम करणाऱ्याचं डोकं आणि हात दोन्ही ताळ्यावर लागतात, कारण गाठीच्या आत कुठे खडा अडकलाय, कुठे पोकळी आहे, हे बाहेरून दिसत नाही. ठोकळे मग तांब्याच्या मोठ्या हंड्यांत तासन् तास, कधी दिवसभर उकळतात, म्हणजे आतला चीक आणि कस निघून जातो. त्यानंतर सावलीत सुकवणं. चांगला कारखाना इथे महिन्यांचा नाही, वर्षांचा हिशोब धरतो.

गाठीतल्या रेषा मधल्या गाभ्यापासून बाहेरच्या सालीकडे पसरत जातात. पाइप कातताना ठोकळा असा धरला की रेषा बाउलच्या अंगावर खालून वर ज्योतीसारख्या उभ्या येतात, तर त्याच रेषांची टोकं वरच्या कडेवर ठिपक्यांसारखी दिसतात. याला पाइपवाले 'बर्ड्‌स आय' म्हणतात. ठोकळा तोच, लाकूड तेच, फक्त चकमध्ये धरायचा कोन बदलला. पाइपच्या किमतीतला मोठा वाटा या कोनाचा आणि नशिबाचा असतो. लेथवर अर्धं काम झाल्यावर आतली भेग वर आली तर संपलं. मग तिथे लुकण भरतात आणि गडद रंग देतात, नाहीतर वाळूचा मारा करून सगळाच पृष्ठभाग खडबडीत करतात. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलनं १९१७ च्या सुमारास या वाळूच्या माऱ्यालाच प्रतिष्ठा दिली आणि 'शेल' म्हणून तो पाइप वरच्या भावानं विकला. आमच्या आनेकल तालुक्यात जिगणीला ग्रॅनाइट कापणारे-घासणारे कारखाने रांगेनं आहेत. तिथेही लादीतली केसाएवढी भेग रेझिन भरून बुजवतात आणि वरून आरशासारखं पॉलिश करतात. एकदा ते काम बघितलेलं असलं की पाइपच्या दुकानात चकाकीला माणूस भुलत नाही.

ब्रायर पाइप आधी झाला फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावात, जुरा डोंगरात, १८५० च्या दशकात. त्याआधी हे गाव यात्रेकरूंसाठी बॉक्सवुडच्या जपमाळा आणि खेळणी कातायचं. कॉर्सिकाहून कुणा प्रवाशानं तिथे ब्रायरचा पाइप कोरून आणला वगैरे गोष्टी सांगतात. त्या मला दंतकथाच वाटतात. लेथ होते, हात होते, लाकूड पोचलं, एवढं पुरे आहे.

आता नवा पाइप ओढणं. पहिल्या वेळी अर्धाच भरायचा. तंबाखू तीन थरांत: तळाला नुसती सोडायची, मधली हलकी दाबायची, वरची जरा घट्ट. दाबून सोडली की ती स्प्रिंगसारखी परत वर यायला हवी. पहिली काडी फक्त वरचा थर करपवायला. तंबाखू फुगून वर येते, ती टॅम्परनं बसवायची, मग दुसरी काडी. यानंतर घाई करायची नाही. झुरका नाही, चहाच्या बशीतला घोट घेतात तसा घोट. बाउल अधूनमधून गालाला टेकवून बघायचा. चटका बसला तर खाली ठेवून द्यायचा, विझला तर विझू द्यायचा. कोऱ्या ब्रायरला पहिले काही दिवस लाकडाचीच चव येते, थोडी तुरट, थोडी कच्ची. हळूहळू आतून काजळीचा थर धरतो आणि मग तंबाखू स्वतःच्या आवाजात बोलायला लागते. हा थर पातळ नाण्याएवढा झाला की पुरे. त्याहून जाड झाला तर तापून लाकूड चिरतो.

आनेकलला ही गंमत अधिक जमते असं माझं ठाम मत आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपासची हवा, संध्याकाळी बन्नेरघट्टाच्या जंगलाकडून येणारा गार वारा. मुंबईत पावसाळ्यात तंबाखू दमट होऊन पाइप गुरगुरतो, इथे तसं होत नाही. घरात अर्थातच परवानगी नाही, गच्चीवर आहे. गावात रेशमाचे माग आहेत, तिम्मरायस्वामींचं देऊळ आहे, पण पाइपची तंबाखू नाही. टपरीवर विचारलं तेव्हा पोरानं विडीचं बंडल पुढे केलं आणि म्हणाला, "सार, यातलीच सोडवून भरा." स्टालिन सिगारेटी मोडून पाइपमध्ये भरायचा, तेव्हा पोराचा सल्ला अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही.

याच प्रदेशाचा तंबाखूशी जुना आणि राजेशाही संबंध आहे. १६३८ मध्ये बंगळूर जिंकलं ते विजापूरच्या फौजेनं, आणि ते शहाजीराजांची जहागीर झालं. त्याच विजापुरात, त्याच्या तीसेक वर्षं आधी, एका माणसानं एक उंची पाइप नव्यानं बनवून घेतला होता. असद बेग त्याचं नाव. अकबरानं त्याला इब्राहिम आदिलशहाकडे पाठवलं होतं, शहजादा दानियालच्या लग्नाची वधू आणायला. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. हिंदुस्थानात ही वस्तू त्यानं कधी पाहिली नव्हती. बाकी भेटवस्तू राहू द्या, हा गडी आपल्या आठवणींत या पाइपच्या वर्णनात रमला. नळी सुमात्राच्या अचिनची, तीन हात लांब, छान वाळवलेली आणि रंगवलेली, दोन्ही टोकांना रत्नं आणि मिना. तोंडाला धरायला येमेनच्या अकीकाचा लंबगोल तुकडा. पेटवायला सोन्याचं पात्र. आदिलशहानं दिलेल्या नक्षीदार पानाच्या बटव्यात तंबाखू भरली. नळी ठेवायला चांदीची वेगळी नळी आणि तिला जांभळ्या मखमलीचं वेष्टण. हे सगळं चांदीच्या तबकात मांडून आग्र्याला. चारशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आज भेटला तर गच्चीवर त्याला खुर्ची देईन. पाइपवाला ओढण्यापेक्षा मांडामांडीत जास्त रमतो, हे त्यानं लिहिण्याआधी कुणी इतकं मोकळेपणानं लिहिलं असेल असं वाटत नाही.

अकबराची नजर बाकी नजराण्यांवरून फिरत या तबकावर थांबली. हे काय, असं विचारलं. दरबारातल्या खान-ए-आझम या सरदारानं सांगितलं, ही तंबाखू, मक्का-मदिनेत माहितीची आहे, औषध म्हणून आणलीय. बादशहानं भरायला सांगितली. हकीम आडवा आला. तरी आणणाऱ्याचं मन राखायला म्हणून अकबरानं दोन-तीन घोट घेतलेच. मग दरबारात वाद झाला. हकिमाचं म्हणणं, आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, फिरंग्यांच्या मागे का जायचं? असद बेगचं म्हणणं, जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती; चोपचिनीची औषधी मुळी तरी कुठे जुन्या ग्रंथांत होती? अकबराला हा युक्तिवाद पटला, तंबाखू नाही पटली. त्यानं ती पुढे धरली नाही. असद बेगनं मात्र उरलेली सरदारांत वाटली, त्यांनी पुन्हा मागितली, आणि व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली. हकीम वादात हरला, पण त्याचं म्हणणं किती खरं होतं हे कळायला पुढची साडेतीन शतकं जावी लागली.

ते खरं सांगून टाकतो. पाइपवाले धूर छातीत घेत नाहीत म्हणून सुरक्षित, ही समजूत चूक आहे. तोंड, जीभ, घसा यांचा कर्करोग पाइपनंही होतो. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, आणि कर्नाटकानं २०२४ मध्ये हुक्का बारही बंद केले. पाइपमध्ये भरतात ती व्हर्जिनिया जातीची तंबाखू इथलीच, म्हैसूरकडच्या हुणसूर-पिरियापट्टण भागात पिकते, पण बहुतेक सिगारेटीत जाते. निपाणीची तंबाखू विडीची. निपाणीला वखारीत गेलो होतो, तिथल्या धसकटाच्या धुळीत माझा श्वास घुसमटला, आणि बायका दिवसभर तिथेच बसून होत्या. अनिल अवचटांनी त्यांच्याबद्दल लिहिलं, १९८१ मध्ये शरद जोशींच्या आंदोलनात तिथल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्यावर स्वतंत्र लेख हवा. तो मी लिहू नये, ज्यांना त्यातलं कळतं त्यांनी लिहावा.

भालबा केळकरांच्या अनुवादांतून शेरलॉक होम्स वाचलेल्यांना त्याचा मोठा वाकडा पाइप आठवतो. तो कथांतला नव्हे, नाटक-सिनेमांतला. कथांत तो मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये तो राखेवरून ओळखतो की सिगार त्रिचनापल्लीचा आहे. आमच्या अत्तिबेलेचा नाका ओलांडून दक्षिणेला सरळ गाडी हाकली तर त्या मुलखात संध्याकाळपर्यंत पोचता येतं. चर्चिल सैन्यात असताना बंगळूरच्या छावणीत होता, आणि बंगलोर क्लबच्या वहीत त्याच्या नावावर तेरा रुपयांची बुडीत बाकी आहे. त्यात तंबाखूचे किती, हे वही सांगत नाही. आपल्याकडे व्यंगचित्रकार बाळासाहेब ठाकऱ्यांच्या जुन्या फोटोंत पाइप दिसतो, पुढच्या फोटोंत सिगार. मला पाइपवाले फोटो आवडतात. पाइप हातात असला की माणसाला बोलताना थांबावं लागतं. सत्यजित राय यांच्या फोटोंतही तसंच.

एक अडचण उरते. ब्रायर ओल पितो, म्हणून एकदा ओढल्यावर पाइपला दिवसभर तरी विश्रांती द्यावी लागते. आत पाइप-क्लीनर घालून कलता ठेवायचा, आणि लाकूड गरम असताना नळी उपसायची नाही. शिवाय लटाकिया, म्हणजे सीरिया-सायप्रसकडची धुरी दिलेली तंबाखू, एकदा ओढली की तिचा वास लाकडात मुरतो आणि पुढे साधी व्हर्जिनिया भरली तरी सोबतीला येतो. तिच्यासाठी वेगळाच पाइप हवा. सरळ दांडीचा, बिलियर्ड आकाराचा, मधल्या मापाचा. भाच्याला नमुना कळवला आहे. त्यानं उत्तरादाखल एका सायकलचा फोटो पाठवलाय.