लग्न लावण्याची सनद

अमेरिकेत वाढलेल्या, परंतु आजोळच्या ओढीने आपले लग्न नगर जिल्ह्यातच, ज्या ख्रिस्ती मंदिरात त्याच्या आईचे झाले त्याच मंदिरात व्हावे असा हट्ट धरून बसलेल्या माझ्या भाच्याने एके रात्री दूरध्वनीवरून मला जो प्रश्न विचारला, तो ऐकून मी आधी हसलो आणि मग बराच वेळ जागा राहिलो. "मामा, आमचं लग्न पाळकसाहेबांऐवजी माझ्या मित्राने लावलं तर चालेल ना? त्याने इकडे दोन लग्नं लावली आहेत." मित्र पाळक आहे काय, असे मी विचारले. "नाही, इंजिनिअर आहे. पण दीक्षा झालीय त्याची. संगणकावर. दहा मिनिटांत."

ही दहा मिनिटांची दीक्षा थट्टेचा विषय वाटली तरी ती थट्टा नव्हे. कॅलिफोर्निया प्रांतातील मोडेस्टो गावी १९६२ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल लाइफ चर्च नावाच्या संस्थेने, जो मागेल त्याला, श्रद्धेची वा विद्येची काहीएक विचारपूस न करता, धर्मोपदेशकाची दीक्षा द्यावी असा परिपाठ ठेवला. आणि अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे कायदे लग्न लावणारा कोणत्यातरी धर्मसंस्थेचा दीक्षित असावा एवढेच पाहून थांबत असल्यामुळे, वधूवरांचा एखादा सोबती आदल्या आठवड्यात दीक्षा घेऊन बोहल्यापाशी उभा राहतो, आणि त्याने लावलेले लग्न सामान्यतः सरकारदरबारी ग्राह्य धरले जाते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ही रीत आता अपरिचित राहिलेली नाही.

"इकडे चालणार नाही," मी म्हणालो. त्यावर भाच्याने जो प्रतिप्रश्न टाकला त्याला मात्र तडकाफडकी उत्तर देता येईना. "मग तुमच्या शेजारच्या काकांच्या मुलीच्या लग्नात भटजी कुठे होते? तिच्या कॉलेजच्या बाईंनीच मंगलाष्टकं म्हटली आणि सप्तपदीही त्यांनीच सांगितली. त्यांना चालतं आणि आपल्याला का नाही?"

प्रश्न रास्त होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम कोणी वाचून पाहिले तर त्यात पुरोहिताचे नावही त्याला आढळणार नाही. वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर अग्नीसमक्ष सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक व्हावा, एवढेच ते कलम सांगते. ती पावले टाकताना मंत्र कोणी म्हटले, म्हणणारा कोणत्या जातीचा, पुरुष की स्त्री, वेदशास्त्रसंपन्न की हौशी, याची चौकशी कायदा करीत नाही. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकविले ते या मोकळिकीतच. लग्नाची नोंद करतेवेळी लग्न लावणाराची सही मागितली जाते हे खरे. पण ती सही काय घडले याच्या पुराव्यादाखल असते, विवाहाला वैधता तिच्यामुळे येत नाही.

मात्र लग्न लावणाराला विसरणारा हा कायदा विधीला विसरत नाही. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या १९६५ सालच्या एका खटल्यात पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केल्याचा आरोप एका गृहस्थावर होता. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले होते. कपाळाला कपाळ लावून ते पूर्ण झाले असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. पण होमही नव्हता, सप्तपदीही नव्हती, आणि हे विधी वगळण्याची त्या जातीची रूढी आहे असेही शाबीत झाले नाही. तेव्हा न्यायालयाने म्हटले, की यथाविधी न लागलेले लग्न हे लग्नच नव्हे, आणि दुसरे लग्न झालेलेच नसेल तर अपराध कसला? गृहस्थ सुटला. पहिल्या पत्नीला या न्यायशास्त्राचे कितपत कौतुक वाटले असेल हा भाग निराळा. २०२४ सालीही त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले, की विधीविना नुसता नोंदणीचा दाखला आणल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही.

परंतु भाच्याच्या प्रश्नाचे खरे मर्म याहून मागे जाते, कारण शेजारच्या मुलीला लाभलेली ही मोकळीक काही आपोआप उगवलेली नव्हे. गावोगावचा ग्रामजोशी हा वतनदार होता. लग्न लावण्याचा हक्क त्याला जन्माने मिळे, आणि यजमानाने त्याला डावलून दुसऱ्याकडून लग्न लावून घेतले, किंवा पुरोहिताविनाच उरकले, तरी आपली दक्षिणा बुडाली म्हणून तो दिवाणी दावा लावी आणि इंग्रजी न्यायालयेही वतनाची मालमत्तेप्रमाणे कदर करीत. या व्यवस्थेला ज्यांनी हात घातला त्या जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा आमच्या नगरातच, अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंची शाळा पाहून मिळाली होती. आणि त्याच जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर त्याच वर्षीच्या २५ डिसेंबर रोजी पुण्यात पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह लावला गेला. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचे पुस्तकच छापून दिले, म्हणजे अडाण्याला भटजीवाचून अडायला नको. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला, अशा लग्नांवरून जोशांनी फिर्यादी केल्या आणि ते प्रकरण पार वरच्या न्यायालयापर्यंत गेले. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या आडगावातून मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे वृत्तपत्र चालविले, तेही याच सत्यशोधकी बाण्याने. शेवटी १९२६ साली मुंबई कायदेमंडळाने स्वतंत्र कायदा करून, ज्याला बोलावलेच नाही अशा जोशाला दक्षिणा मागता येणार नाही असे ठरविले, तेव्हा कोठे लग्न लावण्याची वंशपरंपरागत सनद रद्द झाली. शेजारच्या मुलीच्या बाईंनी खणखणीत आवाजात मंगलाष्टके म्हटली, त्यामागे एवढी झटापट होती. बाईंना त्याची कल्पना होती की नाही, मला ठाऊक नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांची गोष्ट नेमकी उलट्या अंगाने घडली. आमच्याकडे जन्माने कोणीच लग्न लावणारा नव्हता. जो लावी त्याला कोणीतरी तो अधिकार द्यावा लागे, आणि तो कोणी द्यावा याचा पेच होता. मिशनरी नगरला आले ते १८३१ च्या डिसेंबरात. पण येथील मंडळ्यांना देशी पाळक मिळाले ते १८५४ साली, हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना दीक्षा मिळाली तेव्हा. खिस्तीपंतांचे आडनाव पाहून ते बाटल्यावर मिळाले असावे असे पुष्कळांना वाटते. ते जन्माचेच होते. ही दीक्षा दहा मिनिटांची नव्हती. मंडळीने पाचारण करावे, शेजारच्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी उमेदवाराच्या शास्त्रज्ञानाची व आचरणाची परीक्षा घ्यावी, आणि मग भरल्या उपासनेत वडीलधाऱ्या पाळकांनी गुडघे टेकलेल्या त्या माणसाच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना करावी, अशी ती पद्धत. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन नगरात आलेले नारायण वामन टिळकही पुढे याच वाटेने रेव्हरंड टिळक झाले.

तथापि मस्तकावरील हात देवापुढे पुरेसा असला तरी सरकारपुढे तो पुरेसा आहे की नाही, हे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरविले, आणि तो कायदा आजही चालू आहे. वधूवरांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असला तरी, विशेष विवाह कायद्याखाली लागलेले लग्न वगळता, त्यांचे लग्न या कायद्यात सांगितलेल्या माणसानेच लावले पाहिजे. नाहीतर ते रद्दबातल. बिशपच्या हातून दीक्षा मिळालेला आणि आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे विधी करणारा धर्मगुरू असेल तर त्याला सरकारी परवाना लागत नाही. स्कॉटलंडच्या चर्चच्या पाळकालाही लागत नाही, कारण त्या काळच्या राज्यकर्त्यांचे ते घरचे चर्च. परंतु आमच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेत बिशपच नव्हता, म्हणून तिच्यातील पाळकाने, तो कितीही विद्वान असो, सरकारी राजपत्रात नाव जाहीर होऊन परवाना मिळाल्याखेरीज लग्न लावायचे नाही असा दंडक झाला. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरास उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले, त्यात आमच्यासारख्या मंडळ्या बिशपच्या छत्राखाली गेल्या, आणि ज्या पाळकाच्या वडिलांना परवाना लागे त्या पाळकाला तो लागेनासा झाला. मंत्र तोच, वेदी तीच, फक्त कलमाचा अंक बदलला.

अधिकार नसताना जाणूनबुजून असे लग्न लावणाराला दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. हे मी भाच्याला वाचून दाखविले, तेव्हा तो प्रथमच गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आणि परवाना काढला तर?" तशी एक पळवाट, नव्हे एक रीतसर वाट, कायद्यात आहे: नवव्या कलमाप्रमाणे दीक्षा न झालेल्या एखाद्या ख्रिस्ती गृहस्थालाही भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहांचा दाखला देण्याचा परवाना राज्य सरकार देऊ शकते. पण लग्नाला महिना राहिला असता, मंत्रालयाच्या टेबलांवरून एका परदेशी इंजिनिअरचा अर्ज फिरून राजपत्रात यायचा, ही कल्पना भाच्यालाही झेपली नाही.

जाता जाता काझींविषयी सांगायला हवे, कारण नगर ही निजामशाहीची राजधानी, आणि काझीचे पदही येथे एकेकाळी वतनाचेच. इंग्रजांनी १८८० साली काझी नेमण्याचा कायदा केला खरा, पण त्याच कायद्यात लिहून ठेवले, की काझी हजर नसल्याने कोणताही निकाह अडू नये. म्हणजे नेमणूक सरकारी, पण अनिवार्य नाही. आम्हालाच तेवढे सरकारने घट्ट धरून ठेवले. त्याचे कारण मला असे दिसते, की विलायतेत चोरून लागलेल्या लग्नांनी तेथील मालमत्तेचे जे गोंधळ माजविले होते त्यांचा धसका घेऊनच इकडचा कायदा लिहिला गेला. हिंदू-मुसलमानांच्या चालीरीतींत ढवळाढवळ नको हे धोरण, आणि ख्रिस्ती माणूस मात्र घरचा, म्हणून त्याला घरची शिस्त.

त्या शिस्तीचे एक कलम मी लग्नाच्या दिवशी डोळ्यांदेखत पाहिले. ख्रिस्ती लग्न सकाळी सहा ते सायंकाळी सात यांच्या दरम्यानच लागले पाहिजे. काही चर्चच्या धर्मगुरूंना खास परवानगीने यातून सूट मिळते, बाकीच्यांनी वेळ चुकविली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. राहुरी तालुक्यातील त्या मंदिरात लग्न साडेचारचे होते, आणि वधूकडील बस नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत कोठेतरी अडकली होती. साडेपाच झाले, सहा झाले. आमच्या बायका पुन्हा पुन्हा वेण्या नीट करीत होत्या, पेटीवाल्याने तीच तीन गीते फिरवून फिरवून वाजविली. पाळकसाहेब झग्याची बाही मागे सारून दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते, आणि चेहरा मात्र असा, की जणू त्यांना घाई कशाचीच नाही. सहा वीसला बस आली. त्यांनी दोन गीते गाळली, उपदेश पाच वाक्यांत आटोपला, आणि सात वाजायला अकरा मिनिटे असता वधूवरांकडून परस्परांचा स्वीकार करण्याची वचने वदवून घेतली.

मग वेदीशेजारच्या टेबलावर ते लांबरुंद नोंदणीपुस्तक उघडले गेले. लग्न लावणाराखेरीज निदान दोन विश्वासपात्र साक्षीदार हवेत, असे कायदा म्हणतो. पाळकसाहेबांनी विचारले, "साक्षीला कोण?" भाच्याने मित्राला पुढे ढकलले. त्याने शेरवानीच्या खिशातून स्वतःचे पेन काढले, पण पाळकसाहेबांनी ते बाजूला सारून आपले काळ्या शाईचे दिले, आणि कोणत्या रकान्यात सही करायची ते बोटाने दाखविले; तरीही ती सही एवढी लांबली, की तिचे शेवटचे अक्षर शेजारच्या, पाळकांच्या रकान्यात जाऊन टेकले.