लष्करी अळीच्या पतंगाची पारख

मक्याची पाने कुरतडलेली दिसली की ‘लष्करी अळी आली’ असे म्हणण्याची रीत आहे. परंतु हे नाव आज दोन निरनिराळ्या किडींना लावले जाते. एक ज्वारीवर व भातावर येणारी आपल्याकडील जुनी. दुसरी मूळची अमेरिका खंडातील स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. ही दुसरी २०१६ साली आफ्रिकेत आणि २०१८ साली प्रथम कर्नाटकात व पाठोपाठ सोलापूर जिल्ह्यात आढळली. तंबाखूची पाने खाणारी अळी ही हिची जवळची भावकी. दोघींच्याही अंडीपुंजावर मादीच्या अंगावरील केसांचे आवरण असते. सबब अंड्यांवरून निर्णय करू नये.

अळीची ओळख त्यामानाने सोपी. शेवटून तिसऱ्या, म्हणजे उदराच्या आठव्या खंडावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारख्या रेघेचा बराच बोलबाला झाला आहे. पण तशी अंधूक रेघ इतर अळ्यांतही दिसते. भिस्त ठेवावी ती ठिपक्यांवर.

खरी अडचण कामगंध सापळ्यात येते. तेथे नर पतंगच सापडतात आणि परक्या जातीचे नरही शिरतात. नव्या किडीच्या नराच्या पुढील पंखाच्या टोकाशी पांढरा त्रिकोणी डाग असतो. मात्र धडपडीत खवले झडले की तो पुसला जातो. अशा वेळी भिंगातून डोळे पाहावेत. जुन्या लष्करी अळीच्या पतंगाच्या डोळ्यांवर बारीक केस असतात, स्पोडोप्टेराचे डोळे गुळगुळीत असतात.

स्पोडोप्टेराच्या दोन जातींतील निवाडा मात्र पोटाच्या टोकाशीच होतो. प्रयोगशाळेत उदर दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ भाग विरघळवितात व उरलेले कठीण जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मादीला धरून ठेवणाऱ्या नराच्या दोन झडपा फ्रुजिपर्डामध्ये जवळजवळ आयताकृती असतात. हे द्रावण कातडी भाजणारे असल्याने घरी हा खटाटोप करू नये.

ही अळी मोठी झाली की पोंग्यात खोल, स्वतःच्या विष्ठेच्या बुचाखाली बसते. मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मोजणी चुकली तर फवारणी वाया जाते, नाहीतर लहान अळी मारण्याचे दिवस हातचे जातात. म्हणून शंका येताच ग्रामसेवकांनी पतंग सावलीत वाळवून आगपेटीत घालावेत, गाव, पीक व तारीख लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावेत. ओले पतंग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, ते कुजतात.