उलट्या वल्ह्यांचा दिवस

पहाटे ३.३०

टिलामूकच्या सपाटीवर या वेळी फक्त गोठ्यांत दिवे असतात. हा दुधाचा आणि चीजचा मुलूख. इथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९०९ पासून चालू आहे. गायींच्या धारा काढायला सुरुवात होते त्याच सुमारास आमचा नावाडी उठतो. तो मासेमारीचा गाइड आहे, वय साठीच्या पुढे. डिसेंबर ते मार्च हा त्याचा कामाचा मोसम, कारण याच महिन्यांत स्टीलहेड मासा समुद्रातून ऑरेगनच्या किनारी नद्यांत चढतो.

होडी शेडमध्ये ट्रेलरवर चढवलेलीच असते. पुढच्या बाकाखालचा गॅसचा हीटर पेटतो ना, ते बघायचं. नांगराचा दोर कुठे घासलाय का, ते हातानं चाचपायचं. प्रत्येक गळ अंगठ्याच्या नखावर ओढायचा. नखात रुतला तर ठीक, घसरला तर कानस घ्यायची. मग फ्रिजमधली गाबोळी. सॅल्मनची गाबोळी मीठ, साखर आणि बोरॅक्स लावून मुरवली की घट्ट होते आणि गळावर टिकते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे तो डब्यात भरतो. हे सगळं त्यानं दिवसभरात आम्हाला सांगितलं, तेही विचारल्यावर. आपणहून तो फक्त पाण्याबद्दल बोलतो.

४.३०

मी आणि बाबा हिल्सबरोहून निघालो. चिपच्या कारखान्यांमुळे या गावात मराठी घरं बरीच आहेत. डोंगरापलीकडे टिलामूकला आमची मंडळी जातात ती चीजचा कारखाना बघायला आणि समुद्रावर. वाटेतल्या नदीकडे गाडीच्या काचेतून पाहणं होतं तेवढंच. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी कृष्णा खोऱ्यात. इथे आल्यापासून ते त्या नदीबद्दल विचारत होते.

हायवे ६ कोस्ट रेंजचा घाट चढतो आणि पलीकडे विल्सन नदीच्या काठाकाठानं उतरतो. गाडीच्या दिव्यांत दोन्ही बाजूंना झाडं दिसतात, मुख्यतः डग्लस फर, बरीचशी एका वयाची. १९३३ च्या ऑगस्टमध्ये इथे वणवा पेटला, मग १९३९, १९४५ आणि १९५१ मध्ये पुन्हा. सगळं मिळून साडेतीन लाख एकरांच्या आसपास जंगल गेलं. १९४९ पासून १९७३ पर्यंत रोपं लावण्याचं काम चाललं. सात कोटींहून जास्त रोपं, त्यांतली कितीतरी शाळकरी मुलांच्या हातची. उघड्या डोंगराची माती पावसात नदीत उतरते आणि मासा ज्या गोट्यांत अंडी घालतो त्या फटी गाळानं बुजतात. या नदीत आज मासा आहे त्याचं श्रेय मी आधी त्या मुलांना देतो.

५.४५, मिल्स ब्रिज

“आज पाणी किती?” बाबांचा पहिला प्रश्न.

नावाड्यानं फोन पुढे केला. विल्सनवर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं पाणीमापक केंद्र आहे आणि त्याचा आलेख कुणालाही बघता येतो. आधीच्या पावसात उभी चढलेली रेघ आता हळूहळू उतरत पाच फुटांवर आली होती. नावाड्याला त्या आकड्यापेक्षा रेघेचा कल महत्त्वाचा वाटतो. पाणी चढत असलं की गढूळ असतं, ओंडके वाहतात, माशाला गळ दिसत नाही. फार उतरून नितळ झालं की मासा बिचकतो. मधे थोडे दिवस असे येतात की पाणी ओसरत असतं, नदीला पोपटी-हिरवी झाक आलेली असते आणि दोन-तीन फूट खालचा गोटा अंधूक दिसतो. त्या दिवसांसाठी तो थंडीभर त्या आलेखाकडे बघत बसतो.

बाबांनी चष्मा पुसला. “ओसरती बाजू सावकाश येतेय. म्हणजे वर जंगल चांगलं आहे,” ते म्हणाले. नावाड्यानं त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं. मग दोघं क्यूसेकमध्ये बोलायला लागले, आणि मी गुपचूप रबरी बूट चढवले.

ट्रक आणि ट्रेलर इथेच सोडायचा. तो पुढे सॉली स्मिथ ब्रिजला नेऊन ठेवणारा माणूस ठरलेला असतो. होडीला मोटर नाही. एकदा सुटली की उलट येणं नाही.

६.४५

सूर्योदयाच्या तासभर आधीपासून गळ टाकायला कायद्यानं परवानगी आहे. आम्ही सुटलो तेव्हा पाण्यावर जेमतेम राखाडी उजेड होता. बाबांचं एका दिवसाचं लायसन्स, माझं वर्षाचं. दोघांची लाइफ जॅकेटं नावाड्यानं स्वतः ओढून घट्ट केली.

ही ड्रिफ्ट बोट मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. तळ सपाट, खाली कणा नाही, दोन्ही टोकं वर उचललेली, कडा बाहेर झुकलेल्या. सोळा-सतरा फुटांची होडी, पण काही इंच पाण्यातही तरते, आणि एका वल्ह्याच्या ओढीत जागच्या जागी फिरते. मासे धरणारे दोघं पुढे बसतात, वल्हवणारा मधे. आपल्याकडे वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. इथे त्याचं तोंड खाली, प्रवाहाच्या दिशेला, आणि वल्ही तो स्वतःकडे ओढतो, म्हणजे होडीला उलटी, वरच्या अंगाला खेचतो. पुढे न्यायला नदी आहेच. त्याचं काम होडी धारेपेक्षा सावकाश ठेवण्याचं. जे ओढतोय ते त्याला समोर दिसत असतं आणि विचार करायला दोन क्षण जास्त मिळतात.

७.१५ ते ९.००

पहिले दोन तास गाबोळीचे. गळावर गाबोळी, वर लोकरीचा रंगीत धागा. मासा चावला की तो धागा त्याच्या दातांत अडकतो आणि गळ थुंकायला वेळ लागतो. गळ थोडा वरच्या बाजूला फेकायचा आणि होडी त्याच्या बरोबरीनं वाहू द्यायची. शिशाचं वजन तळाच्या गोट्यांवर टिक, टिक, टिक करत राहतं आणि ते बोटांना कळतं. टिकटिक थांबली की काठी उचलायची. बहुतेक वेळा दगडच असतो.

कुठे फेकायचं ते नावाडी सांगतो. वेगवान आणि संथ पाणी जिथे भेटतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते. त्या रेघेच्या आतल्या अंगाला, माणूस चालतो त्या वेगाचं पाणी, खोली तीन ते सहा फूट: स्टीलहेड विसावा घेतो तो अशा जागी. या मोसमात त्याला खाण्याची फारशी ओढ नसते, वर जाऊन अंडी घालायची असतात. बंगालचा हिलसा, ज्याला आपल्याकडे पाला म्हणतात, तसाच हाही समुद्रातून गोड्या पाण्यात येतो. शास्त्राच्या दृष्टीनं स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. एकाच नदीत जन्मलेल्यांपैकी काही तिथेच राहतात आणि लहान ट्राउट म्हणून आयुष्य काढतात. काही समुद्रात जातात, दोन-तीन वर्षांनी आठ-दहा पौंडांचे होऊन परततात. पॅसिफिक सॅल्मन अंडी घालून मरतो. स्टीलहेडमधले काही पुन्हा समुद्रात उतरतात आणि दुसऱ्यांदाही येतात.

दोन तासांत काही लागलं नाही. नावाडी जराही उतावळा झाला नाही.

९.३०

उजव्या वळणावर प्रवाह सगळा बाहेरच्या काठाला जात होता आणि त्याच काठावर एक मोठं झाड आडवं पडलेलं. फांद्या पाण्यात, आणि पाणी फांद्यांतून आरपार. या नद्यांवर खडकापेक्षा हेच धोक्याचं. पाणी निघून जातं, होडी आणि माणूस अडकतो.

नावाड्यानं होडीचं नाक सरळ त्या झाडाकडे केलं. बाबांनी कडेची फळी धरली. मग त्यानं ओढायला सुरुवात केली, लांब, सावकाश, खांद्यापासून कंबरेपर्यंत. झाड जवळ येत होतं, पण होडी तिरकी आतल्या काठाकडे सरकत होती. धोक्याकडे तोंड करून मागे ओढायचं, हीच इथली रीत. धोक्याकडे पाठ करून पळायला गेलं की नदी आपल्याला आणखी वेगानं त्यातच नेते. झाड दहा-बारा फुटांवरून गेलं. “अजून बारा ओढी शिल्लक होत्या,” तो म्हणाला. त्यानं त्या आधीच मोजल्या होत्या.

१०.४०

वळणाखाली लांब, एकसारखा डोह. इथे त्यानं पद्धत बदलली. प्लग म्हणजे पुढे छोटी जीभ असलेला प्लास्टिकचा मासा. धारेत धरला की जिभेमुळे खाली बुडतो आणि थरथरतो. दोन्ही प्लग पन्नास फूट खाली सोडले, काठ्या होडीच्या खोबणीत ठेवल्या आणि आम्हाला हात मांडीवर ठेवायला सांगितलं.

आता सगळं वल्ह्यांवर. त्यानं होडी जवळजवळ थोपवून धरली आणि वीतभर, वीतभर अशी खाली सोडू लागला. खाली बसलेल्या माशाच्या तोंडासमोर ती थरथरणारी वस्तू इंचाइंचानं येते. तो मागे सरतो, पुन्हा सरतो, आणि डोह संपून पाणी उथळ होऊ लागलं की वैतागून चावतो. यात गळवाल्याचं कौशल्य काहीच नाही. मासा वल्ह्यांनी धरायचा असतो, आणि फोटोत मात्र काठीवाला येतो. मला ते बरोबर वाटत नाही, म्हणून हे लिहितोय.

बाबांच्या काठीचं टोक दोनदा हललं. त्यांचा हात उठला. “नाही,” नावाडी हळूच म्हणाला, “अजून नाही.” तिसऱ्यांदा काठी वाकली ती वाकतच गेली, टोक पाण्यात बुडालं. “आता!”

पुढचं सगळं एकदमच झालं. रीळ किंचाळलं, चाळीस यार्डांवर मासा सबंध पाण्याबाहेर आला, रुपेरी, आडवा, आणि आपटला. मी माझा प्लग गुंडाळला. नावाड्यानं दोन ओढींत होडी धारेतून काढून कडेच्या संथ पाण्यात आणली. “काठी वर. तो पळतोय तेव्हा पळू द्या. थांबला की घ्या.” बाबा ऐकत होते. मासा होडीखाली शिरला, नावाड्यानं होडी त्याच्यावरून गोल फिरवली. बाबांचे हात कापत होते, पण ते काठी द्यायला तयार नव्हते, आणि मीही मागितली नाही.

शेवटी तो रबरी जाळ्यात आला. अकरा-बारा पौंडांची मादी, पाठ पोलादी हिरवी, गालावर नुसती गुलाबी छटा. नावाड्यानं पाठीकडे, शेपटीअलीकडच्या छोट्या मांसल पराकडे बोट दाखवलं. तो पर शाबूत होता. पैदास केंद्रात वाढवलेल्या माशांचा हा पर पिल्लू असतानाच कापतात. तो असला म्हणजे मासा नदीत जन्मलेला, आणि आम्ही होतो तिथे असा मासा सोडून द्यायचा नियम आहे. जाळं पाण्यातच ठेवून त्यानं पकडीनं गळ काढला. बाबांनी बाही वर करून हात पाण्यात घातला. पाणी ४३ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे सहा सेल्सिअस. एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, तोंड धारेकडे. कल्ले उघडझाप करत राहिले, मग शेपटीनं बाबांच्या मनगटावर तडाखा दिला आणि ती गेली.

“पोटात अंडी होती तिच्या,” बाबा म्हणाले. नावाडी म्हणाला, “हजारो.”

१२.३०

गोट्यांच्या पुळणीवर नांगर. त्याच्याकडे सूप, आमच्याकडे मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं. दोन्हीची देवाणघेवाण झाली. होडीच्या आकाराबद्दल बाबांनी विचारलं. हा घाट मॅकेन्झी नदीचा, ऑरेगनच्याच आतल्या भागातला. १९३० आणि ४० च्या दशकांत टॉम कारहूस आणि वुडी हिंडमन या कारागिरांनी तो घडवला, प्लायवूडच्या जोरावर. नावाड्याची पहिली होडी लाकडीच होती. आताची ॲल्युमिनियमची आहे, दगडांवर घासून खाली चकाकणारी. तो बोलता बोलता दोन्ही तळहात हीटरसमोर धरून बसला होता. अंगठ्यांच्या मुळाशी घट्टे होते, उजवं मनगट सुजलेलं. सकाळपासून त्यानं वल्ही किती वेळा ओढली असतील, याचा हिशेब बाबा मनात करत होते. मला त्यांचा चेहरा ओळखता येतो.

२.१०

माझ्या गळाला गाबोळीवर एक नर लागला, सात पौंडांचा, पर कापलेला. हा ठेवता येतो. नावाड्यानं दांडक्याच्या एका फटक्यात मारला, कल्ले कापून रक्त काढलं, आणि मला लगेच लायसन्सबरोबरच्या टॅगवर माशाची नोंद करायला लावली. नोंदीआधी फोटोसुद्धा काढू दिला नाही.

३.४५, सॉली स्मिथ ब्रिज

दोन्ही बाजूंना कुरणं, गायी, शेणाचा ओळखीचा वास. ट्रक जागेवर होता. होडी ट्रेलरवर ओढताना बाबा मदतीला गेले. त्यानं त्यांना दोर धरू दिला, हँडल स्वतः फिरवलं. मासा त्यानं काठावरच साफ करून दिला. बक्षिसी खिशात घातली, न मोजता. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो गोंधळला, मग त्यानंही केला.

७.००

रात्री त्याचा फोन आला, बाबांचं मनगट कसं आहे विचारायला. तो शेडमध्ये होता. होडी धुऊन झाली होती, गळ बांधणं चाललं होतं. पश्चिमेकडून पाऊस येतोय, पहाटेपर्यंत विल्सन चढणार, म्हणून उद्याची गिऱ्हाईकं तो शेजारच्या किल्चिसवर नेणार होता. ती नदी लहान, पावसानंतर सगळ्यांत आधी निवळते. एवढं सांगून तो म्हणाला, आता फोन ठेवतो, उद्याच्या दोघांना कळवायचं आहे की आत सुती कपडे घालू नका, लोकर घाला.